समुद्रापलीकडील पंचवटी

आज आश्विन अमावास्या, लक्ष्मीपूजनाचा मंगल दिवस. तिन्हीसांजेला घरोघरी श्रीलक्ष्मीची पूजा होईल, उंबरठ्यावर पणत्या लागतील, आणि रात्र सरता सरता पाडव्याच्या अभ्यंगस्नानासाठी बंबात जाळ पडेल. वाचकहो, त्या ब्राह्ममुहूर्ताला, आपण अंगाला उटणे लावीत असू त्याच वेळी, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असलेल्या एका लहानशा बेटावर सायंकाळ होत असेल आणि तेथील हजारो अंगणांत पहिली पणती लागत असेल. त्या बेटाचे नाव त्रिनिदाद. वेस्ट इंडीजमधील हे बेट दक्षिण अमेरिकेच्या व्हेनेझुएला देशासमोर आहे आणि विस्ताराने आमच्या नाशिक जिल्ह्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान आहे. तेथील आणि आपल्या घड्याळांत साडेनऊ तासांचे अंतर पडते. दीप मात्र एकाच अमावास्येचे.

या बेटाविषयी क्रिकेटच्या वार्तांपलीकडे आम्हांस फारसे काही ठाऊक नव्हते. आम्ही तेथे कधी गेलेलोही नाही. परंतु काही वर्षांपूर्वी भाद्रपदाच्या पितृपक्षात रामकुंडावर एक गृहस्थ भेटले, आणि त्या भेटीने आमच्या विद्वत्तेचा ताठा पार उतरविला. ती हकीकत आज सांगणे आम्हांस आमचे कर्तव्य वाटते.

रामकुंडावरील पाहुणे

वय पन्नाशीचे, वर्ण आपल्यासारखाच, पण बोलणे इंग्रजी, मध्येच एखादा मोडका हिंदी शब्द. आपल्या पणजोबांच्या नावे तर्पण करावे, अशी त्यांची इच्छा होती. आमच्या स्नेह्यांनी त्यांना आमच्याकडे आणून सोडले. आम्ही प्रघाताप्रमाणे गोत्र विचारले. ते म्हणाले, "पंडितजी, गोत्र नाही ठाऊक." मग त्यांनी पिशवीतून एका जुन्या कागदाची प्रत काढली. तो त्यांच्या पणजोबांचा जहाजावर चढतानाचा परवाना होता. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव आणि ओळख पटावी म्हणून अंगावरील व्रणाची नोंद होती. संयुक्त प्रांतातील एक खेडे होते ते. असे कागद त्रिनिदादच्या सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवलेले आहेत. माणसाच्या अंगावरील व्रण लिहून घेणाऱ्यांना त्याचे गोत्र लिहावेसे वाटले नाही, हे उघडच होते.

आणि तेथे आमच्या तोंडून एक वाक्य निघून गेले. आम्ही म्हणालो, "समुद्र ओलांडला, तेथेच गोत्र सुटले म्हणायचे." विनोद म्हणून बोललो, पण त्यात विनोद नव्हता, त्यात सोवळ्याचा अहंकार होता. पाहुण्यांनी उत्तर दिले नाही. क्षणभर गोदामाईच्या पाण्याकडे पाहिले आणि विचारले, "पंचवटी हीच ना?" आम्ही होकार देताच त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि तुलसीदासांच्या रामचरितमानसातील अरण्यकांड म्हणावयास आरंभ केला. उच्चार किंचित निराळे, चाल आम्ही कधी न ऐकलेली, परंतु एक चौपाई चुकली नाही. शूर्पणखेचा प्रसंग, सुवर्णमृग, सीताहरण, जटायू! अर्धा घटका तरी ते म्हणत होते. पुढे कळले की, ज्या भाषेतील हे काव्य त्यांना मुखोद्गत होते, ती भाषा त्यांना बोलता येत नव्हती. अर्थ त्यांना इंग्रजीतून ठाऊक होता. शब्द मात्र बापाकडून मुलाकडे, जसेच्या तसे आले होते.

वाचकहो, वेदही असेच टिकले ना? मग आम्ही कोणाला गोत्र विचारीत होतो?

गिरमिटाचे जहाज

ही माणसे तेथे गेली कशी, ते थोडक्यात सांगावयास हवे. इंग्रजी साम्राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने रद्द झाली आणि १८३८ मध्ये तेथील गुलाम खरोखर मोकळे झाले. उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. पाच वर्षांच्या कराराने मजूर नेण्याची पद्धत सुरू झाली. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले, आणि जाणारे 'गिरमिटिया' झाले.

फातेल रझाक नावाचे जहाज फेब्रुवारी १८४५ मध्ये कलकत्त्याहून निघाले आणि ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोहोचले. त्यात सुमारे सव्वादोनशे माणसे होती. शंभराहून अधिक दिवसांचा तो प्रवास! त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे त्या एका बेटावर नेली गेली. बहुतेक अवध आणि भोजपूर प्रांतांतील, काही मद्रासकडील. दुष्काळ, कर्ज, घरातील भांडणे, विधवांचे हाल अशी घर सोडण्याची कारणे अनेक होती. भरती करणारे दलाल, आपण 'चिनिदाद'ला, म्हणजे साखरेच्या देशाला जात आहोत, असे सांगत, अशी आठवण तेथील घरांत आजही सांगतात.

साखर होती खरी, पण ती दुसऱ्यांच्या तोंडी. मळ्याबाहेर जावयाचे तर परवाना लागे. कामावर न गेल्यास तुरुंग. पूर्वीच्या गुलामांच्या चाळींतच पुष्कळांना राहावे लागले. करार पाच वर्षांचा, परंतु परतीच्या प्रवासाचा हक्क मिळण्यास बेटावर दहा वर्षे काढावी लागत. पुढे परतीच्या भाड्याऐवजी जमिनीचा तुकडा देण्याची युक्ती निघाली, आणि बहुतेक माणसे तेथेच राहिली. रामप्रभूंचा वनवास चौदा वर्षांनी संपला. यांचा संपला नाही.

या अन्यायाविरुद्ध उभे राहिलेल्यांत आपल्या कोकणचे सुपुत्र नामदार गोपाळ कृष्ण गोखले अग्रभागी होते, हे महाराष्ट्राने विसरू नये. मार्च १९१२ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ही पद्धत सर्वस्वी बंद करावी असा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो फेटाळला गेला. गोखले १९१५ मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी पंडित मदनमोहन मालवीय यांनी तोच विषय पुन्हा मांडला, तेव्हा सरकारला तत्त्व मान्य करावे लागले. १९१७ मध्ये मजुरांची रवानगी थांबली आणि १९२० मध्ये उरलेसुरले करार रद्द झाले. ज्या बेटावर गोखल्यांनी कधी पाऊल ठेवले नाही, तेथील माणसांच्या पायांतील बेडी तोडण्यास त्यांचा हात लागला होता.

मानस हीच शिदोरी

जहाजात जातिपातीची बंधने टिकणे शक्य नव्हते. एका पंगतीत जेवण, एका तळघरात निद्रा. पण तेथेच एक नवे नाते जन्मास आले. एकाच जहाजातून आलेले ते 'जहाजी भाई' आणि 'जहाजी बहीण'. हे नाते सख्ख्या भावंडांइतके पवित्र मानीत. जहाजी भावांच्या मुलांचे आपसांत विवाहही टाळीत. रक्ताचे आप्त समुद्रापलीकडे राहिले, तेव्हा समुद्रानेच दिलेले हे गोत्र होय, असे आम्हांस आता वाटते.

पोथ्या थोड्या, पुरोहित त्याहून थोडे, देवळे तर नाहीतच. अशा स्थितीत त्यांनी मानसाचा आश्रय केला. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री दिव्याभोवती बसत. ज्याला पाठ येई तो म्हणे, बाकीचे ढोलक-झांजांवर साथ करीत. लोखंडी कांबीवर नालाच्या आकाराचा तुकडा वाजवून ताल धरण्याचे 'धनताल' नावाचे वाद्य तेथे आजही कीर्तनात वाजते. आमच्या चिपळ्यांचे ते दूरचे भावंडच म्हणावे. सात-सात दिवसांची भागवत आणि रामायणाची पारायणे होतात, त्यांना ते 'यज्ञ' म्हणतात. पूजा झाली की अंगणात बांबूला रंगीत निशाण बांधून उभे करतात, ती 'झंडी'. घरासमोर झंड्या दिसल्या की हे हिंदूचे घर, अशी खूण पटते.

नवरात्रात गावोगावी उघड्या मैदानावर रामलीला होते. पात्रे व्रतस्थ राहतात, मांसाशन वर्ज्य करतात. एकजण मानस वाचतो, अर्थ इंग्रजीत सांगतो, आणि गावची मुले राम-लक्ष्मण होतात. मैदानाच्या एका टोकाला अयोध्या, दुसऱ्या टोकाला लंका, आणि मध्ये कोठे तरी पंचवटी! आमचे पाहुणे बाळपणी त्या पंचवटीत वानर झाले होते. म्हणूनच त्यांना खरी पंचवटी पाहावयाची होती.

सेंट लुसिया बेटाचे कवी डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या व्याख्यानाचा आरंभ त्यांनी त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने केला. हे आपण नाटक म्हणून पाहत होतो, परंतु करणाऱ्यांच्या लेखी ती श्रद्धा होती, अशी प्रांजळ कबुली त्यांनी दिली. वॉलकॉट हिंदू नव्हते. तरी त्यांना जे उमगले, ते रामकुंडावर जन्म काढलेल्या आम्हांस उशिरा उमगले.

विवाह, विद्या आणि चिता

धर्म जतन करणे तेथे सोपे नव्हते. हिंदू पद्धतीने लागलेल्या लग्नांना मान्यता देणारा कायदा १९४५ मध्ये झाला. म्हणजे पहिले जहाज लागल्यावर बरोबर शंभर वर्षांनी! तोवर सप्तपदी चाललेली स्त्री सरकारदरबारी पत्नी नव्हे आणि तिची मुले औरस नव्हेत. दहनासंबंधीचा कायदा १९५३ चा. त्यापूर्वी बहुतेक हिंदूंना आपल्या आईबापांची प्रेते पुरावी लागत. अग्नीला साक्ष ठेवून संसार मांडावा आणि अखेरीस त्याच अग्नीला पारखे व्हावे, याचे दुःख आपण कल्पनेनेच जाणावे.

शाळांचीही तीच गोष्ट. कॅनडाच्या मिशनऱ्यांनी १८६८ पासून भारतीय मुलांसाठी शाळा काढल्या. विद्या मिळाली हे उपकारच. परंतु मास्तरकीसाठी अनेकांना धर्म सोडावा लागला. १९५२ मध्ये भदासे सागन महाराज यांच्या नेतृत्वाखाली सनातन धर्म महासभा एकवटली आणि थोड्याच वर्षांत तिने तिसाहून अधिक शाळा उभारल्या. इमारती अगदी साध्या होत्या. हेटाळणी करणारे त्यांना 'गोठे' म्हणत. ज्या धर्माचा भगवान गोकुळात वाढला, त्याच्या शाळेला गोठा म्हणणे ही निंदा की स्तुती, हे वाचकांनीच ठरवावे.

सागरातील देऊळ

आता एका भक्ताची कथा. त्यांचे नाव शिवदास साधू. लहानपणी आईबापांबरोबर ते त्रिनिदादला गेले आणि उसाच्या मळ्यात राबले. पै पै जमवून हिंदुस्थानची यात्राही त्यांनी केली. वॉटर्लू नावाच्या गावी समुद्रकाठी त्यांनी १९४७ मध्ये एक लहान देऊळ बांधले. जागा होती साखर कंपनीची. देऊळ पाडण्याचा हुकूम १९५२ मध्ये झाला. साधूंनी नकार दिला. त्यांना चौदा दिवसांचा तुरुंगवास आणि दंड झाला, आणि देऊळ जमीनदोस्त करण्यात आले.

सुटून आल्यावर त्यांनी कोणाशी भांडण केले नाही. जमिनीला मालक असतो, समुद्राला नसतो, असा विचार करून त्यांनी सागरातच देऊळ बांधण्याचा निश्चय केला. सायकलीला दोन बादल्या अडकवून दगड-माती नेत. ओहोटी आली की भर टाकीत. भरती आली की काही वाहून जाई, दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ. लोक वेडा म्हणत. सुमारे पंचवीस वर्षे हे व्रत चालले. किनाऱ्यापासून सुमारे पाचशे फूट आत मंदिर उभे राहिले. १९७१ च्या सुमारास साधू निवर्तले आणि लाटांनी त्या मंदिराची पडझड केली. १९९५ मध्ये पहिल्या जहाजाला दीडशे वर्षे झाली, त्या निमित्ताने सरकारी साहाय्याने मंदिराचा जीर्णोद्धार झाला. किनाऱ्यावर चिताभूमी आहे, वाऱ्यावर झंड्या फडफडतात, आणि शेजारी साधूंचा पुतळा हात जोडून उभा आहे.

नल-नीलांना साह्य करण्यास सारी वानरसेना होती आणि दगडावर रामनाम होते. येथे एकटा मजूर, एक सायकल, दोन बादल्या. रामनाम मात्र तेच!

तेथील दीपावली

देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६६ पासून दीपावली ही तेथील राष्ट्रीय सुट्टी आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदूंचे प्रमाण सुमारे अठरा टक्के, पण दिवाळी साऱ्या बेटाची. शगुआनास या नगराजवळचे कुंभार महिनाभर आधीपासून चाकावर पणत्या काढतात. तेथे पणतीला 'दिया' म्हणतात आणि त्यात खोबरेल घालतात. बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी, चक्रे, मोर करतात आणि त्यांवर ओळीने दिवे मांडतात. याच नगरात १९८६ पासून 'दिवाली नगर' भरते. दिवाळीपूर्वीच्या रात्री तेथे प्रवचने, गायन, नृत्य आणि खाद्यपदार्थ यांची रेलचेल असते.

सायंकाळी लक्ष्मीपूजन होते. सोहारी नावाच्या रुंद हिरव्या पानावर जेवण वाढतात. आपल्या केळीच्या पानाचीच ती जागा. दालपुरी, भोपळ्याची भाजी, हरभरे-बटाटे, आंब्याचे कालवण. आपल्या शंकरपाळ्यांचा भाऊ शोभेल असा 'कुर्मा' आणि परसाद पिशव्यांत भरून शेजारच्या ख्रिस्ती, मुसलमान घरी पोचवितात. तेही दिवे पाहावयास येतात. या बेटावर सिपारिया गावच्या कॅथलिक चर्चमध्ये मेरीमातेची एक मूर्ती आहे. तिला हिंदू 'सिपारी माई' म्हणतात आणि गुड फ्रायडेच्या सुमारास तांदूळ, तेल, फुले वाहतात. मुंबईच्या मोतमाउलीच्या जत्रेत नवस फेडणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे वेगळे सांगावयास नको.

सारेच तेथे निर्मळ आहे, असे आम्ही म्हणत नाही. भोजपुरी बोली घराघरांतून जवळजवळ लोपली. सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली आणि उसावर जगलेली गावे नव्या धंद्यांच्या शोधात विखुरली. पणत्यांशेजारी विजेच्या माळा आल्या, तशा आपल्याकडेही आल्याच आहेत.

शास्त्र काय म्हणते?

उरला आमचा अपराध. समुद्रयान हे पातक, असे बौधायनांनी म्हटले आहे. समुद्रप्रवास करणाऱ्यास श्राद्धाच्या पंगतीत घेऊ नये, असे मनुस्मृती सांगते. कलिवर्ज्यांच्या यादीत तर प्रायश्चित्त घेतले तरी अशा द्विजास परत घेऊ नये, इतके कठोर वचन आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर चिकित्सा केली आहे. काळाप्रमाणे आचार पालटत आला, हेच त्यातून दिसते. परंतु आमच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे. ही बंधने घातली, त्यामागील भय हे की समुद्रापलीकडे गेलेल्याचा आचार सुटेल. ज्यांचा सुटला नाही, उलट फटके खाऊन, तुरुंग भोगून ज्यांनी तो राखला, त्यांना ते वचन कसे लावावयाचे? आणि घरी राहून ज्यांचा सुटला, त्यांचे काय?

शास्त्रानेच आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गोत्र अज्ञात असेल तर काश्यप गोत्र उच्चारावे, कारण कश्यप सर्व प्रजेचा पिता. हे वचन आम्हांस पाठ होते. त्या दिवशी प्रथम आठवावयाचे ते सर्वांत शेवटी आठवले.

अरण्यकांड संपले तेव्हा भोवती वीस-पंचवीस माणसे स्तब्ध उभी होती. आम्ही पाहुण्यांपुढे हात जोडले आणि आमच्या शब्दांची क्षमा मागितली. ते संकोचले, म्हणाले, "पंडितजी, आप बड़े हैं." मग आम्ही संकल्प सोडला. काश्यप गोत्र, आणि त्या जुन्या कागदावरील नाव, बापाचे नाव आणि गाव. सव्वाशे वर्षांत त्या माणसाचे नाव गोदेच्या तीरी प्रथमच उच्चारले गेले असेल. तिळोदकाची ओंजळ सोडताना पाहुण्यांचे हात कापत होते. आमचा स्वरही स्थिर नव्हता.

जाताना त्यांनी रामकुंडाचे जल एका लहान गडूत भरून घेतले. ते कोठे नेणार, असे विचारता म्हणाले, "रामलीलेच्या मैदानावर. तेथल्या पंचवटीत शिंपडीन." आम्ही मनात म्हटले, तेथील पंचवटीला या जलाची गरज असेल नसेल, पण आमच्या पंचवटीला तुमच्या पाठांतराची निश्चित गरज होती.

बंधुभगिनींनो, दीपावली हा प्रभूंच्या परत येण्याचा उत्सव. ज्यांना परत येता आले नाही, त्यांनी प्रभूंनाच तेथे नेले आणि दरवर्षी त्यांच्या वाटेवर दिवे लावले. आज लक्ष्मीपूजन झाल्यावर एक पणती जास्त लावा. घरातून परागंदा झालेले, नाव पुसले गेलेले, कोठे तरी राबता राबता मिटलेले जे कोणी आपले असतील, त्यांच्या नावे ती असू द्या. नाव ठाऊक नसले तरी चालेल. गोत्र विचारू नका.

शुभं भवतु.